नाव टंगस्टन, हाती भलताच वाळा: धातूंच्या ठोकळ्यांचा सेट, तीन महिने वापरून

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी: घ्या, पण घरात बारीक वजन दाखवणारा काटा असेल किंवा सोबत घेणार असाल तरच घ्या. नाहीतर हे बारा राखाडी ठोकळे चार दिवस कौतुकाचे आणि पाचव्या दिवशी शोकेसमध्ये. बाकीच्यांनी निवांत वाचा.

बॉक्स उघडला की कडक काळा फोम, त्यात बारा खाचा आणि प्रत्येक खाचेत एक घनाकृती ठोकळा. प्रत्येक बाजू १० मिलिमीटर, एका बाजूवर चिन्ह आणि अणुक्रमांक कोरलेला. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, टायटॅनियम, जस्त, कथील, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, बिस्मथ, शिसं आणि टंगस्टन. खालच्या कप्प्यात गॅलियम प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत, आयोडीन सीलबंद काचेच्या नळीत, आणि अजून तीन नळ्या ज्या बघून माझी आठवीतली भाची म्हणाली, "मावशी, यात भरायचंच विसरलेत." त्या हेलियम, निऑन आणि आरगॉनच्या. आणि एक पुस्तिका, तिच्याकडे नंतर येते कारण तिच्यावर माझा राग आहे.

पहिलं इम्प्रेशन खरं सांगायचं तर फुस्स. तांबं लालसर, बिस्मथला जरा गुलाबी छटा, आणि उरलेले दहा जण म्हणजे एकाच कारखान्यातून एकाच साच्यातून निघालेले जुळे भाऊ. फोटोत जे चकचकीत दिसतं ना ते लायटिंग आहे हो. मी दहा मिनिटं बघितलं, झाकण लावणार होते, तेवढ्यात भाचीने एका हातात मॅग्नेशियम आणि दुसऱ्या हातात टंगस्टन घेतलं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन्ही ठोकळे हुबेहूब सारख्या मापाचे आणि एक प्लॅस्टिकचा वाटतो, दुसरा कोणीतरी खालून ओढतंय असा जड. आकार सारखा दिसला की आपला हात वजनही सारखंच धरून चालतो, आणि तो तोंडावर आपटतो. ही गंमत कितीही वेळा केली तरी कमी होत नाही, मी अजूनही कामाच्या मध्ये उगाच दोन्ही उचलून बघते.

आता या सेटची खरी हुशारी. बाजू १ सेंटिमीटर, म्हणजे घनफळ बरोब्बर १ घन सेंटिमीटर, म्हणजे ठोकळ्याचं ग्रॅममधलं वजन हीच त्या धातूची घनता. भागाकार नाही, सूत्र नाही, काट्यावर ठेवा आणि वाचा. शाळेत घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान हे मी वर्षानुवर्षं घोकलं, पण ती हातात कधी आली नव्हती. किचनचा काटा यासाठी निरुपयोगी आहे हे लगेच कळलं, तो एक ग्रॅमच्या खाली बघतच नाही, त्याच्या दृष्टीने जस्त आणि कथील दोघंही ७. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा आणला आणि मजा सुरू झाली. मॅग्नेशियम १.७३, अॅल्युमिनियम २.६९, टायटॅनियम ४.४९, जस्त ७.१२, कथील ७.२७, लोखंड ७.८५, तांबं ८.९३, बिस्मथ ९.७६, शिसं ११.३०. पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा सगळे चिमूटभर कमी, कारण कडा गुळगुळीत करताना थोडा धातू जातोच. म्हणजे ठोकळे प्रामाणिक आहेत. कोबाल्ट आणि निकेलची मात्र कमाल आहे, पुस्तकात एकाची घनता ८.९० आणि दुसऱ्याची ८.९१, दोघंही लोहचुंबकाला कचकन चिकटतात, दोघंही पांढरट. कोरलेली अक्षरं झाकली तर माझा काटा हरला, मी पण हरले. जुन्या जर्मन खाणकामगारांना हे दोघं छळायचे, खनिज दिसायचं तांब्या-चांदीसारखं आणि भट्टीतून भलतंच निघायचं, म्हणून त्यांनी खाणीतल्या भुतांची नावं दिली, कोबाल्ट म्हणजे कोबोल्ड आणि निकेलही तसलंच एक खोडकर पिशाच्च. दोन्ही भुतं अजून एकमेकांच्या नावावर खपू शकतात हे बघून मला त्या लोकांचं पटलं.

मग आलं टंगस्टन. काट्यावर १७.६२.

टंगस्टनची घनता १९.२५. इतर ठोकळे शंभराव्या भागात चुकतायत आणि हा सरळ दीड ग्रॅमपेक्षा जास्त कमी? आधी वाटलं काटा बिघडला, परत शिसं ठेवलं, ११.३०. मग भावाकडून व्हर्निअर कॅलिपर मागून बाजू मोजली, तिन्ही बाजू दहाच्या दहा. मग सहज एक ताकदवान निओडिमियम चुंबक जवळ नेला आणि ठोकळा हळूच सरकला. चिकटला नाही, पण सरकला. शुद्ध टंगस्टन असं करत नाही. म्हणजे आत निकेल आणि लोखंड होतं. टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस, सगळ्या धातूंमध्ये सर्वांत वरचा, त्यामुळे ते वितळवून साच्यात ओतणं हा कोणाच्या बसकी बात नाही, त्याची पूड दाबून भाजतात आणि काम सोपं व्हावं म्हणून बऱ्याचदा त्यात थोडं निकेल-लोखंड घालतात. तसली मिश्रधातू चांगली असते, उपयोगी असते, पण पुस्तिकेत ९९.९५ टक्के शुद्ध असं छापलंय ना! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. बरं यातला विनोद असा की सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५, इतकी जवळ, म्हणून सोन्याच्या विटांमध्ये टंगस्टन भरून फसवणूक झालेली आहे. म्हणजे टंगस्टन हा सोन्याचा डुप्लिकेट, आणि मला पाठवला त्या डुप्लिकेटचा डुप्लिकेट.

विक्रेत्याला मेल केला. पहिलं उत्तर साचेबद्ध, वजनात थोडाफार फरक चालतो म्हणे. अहो थोडाफार म्हणजे किती, आठ टक्के? मग काट्याचा फोटो, कॅलिपरचा फोटो आणि चुंबकाचा व्हिडिओ असं सगळं एकत्र पाठवलं, त्यानंतर चार दिवस शांतता, आणि मग एकदम माफी आणि नवीन ठोकळा. नवीन ठोकळा १९.१३, चुंबकाजवळ ढिम्म हलला नाही. त्यामुळे सर्व्हिसला पाचपैकी तीन, पहिल्या मेलनंतर दिला असता तर साडेचार दिले असते. तुम्ही घेतलात तर आल्याआल्या टंगस्टन आधी तपासा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.

या भानगडीमुळे मी जरा वाचायला बसले आणि लक्षात आलं की वजनावरून खोटेपणा पकडायचा हा धंदा जुनाच आहे आणि मोठमोठ्यांनी केलाय. याच बॉक्समधलं गॅलियम घ्या. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीवने १८६९ साली मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती, त्याने काही जागा चक्क रिकाम्या सोडल्या आणि १८७१ मध्ये अॅल्युमिनियमच्या खालच्या जागेतलं न सापडलेलं मूलद्रव्य कसं असेल ते लिहून ठेवलं, घनता ५.९ वगैरे. १८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या रसायनशास्त्रज्ञाने जस्ताच्या खनिजात नवीन वर्णरेषा (प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या त्याच्या खास रंगीत रेषा) पकडल्या, धातू वेगळा काढला, घनता मोजली, आली ४.७. मेंडेलीवने कळवलं की तुमचा नमुना शुद्ध नसणार, परत मोजा. विचार करा, ज्याने तो धातू आयुष्यात बघितला नाही तो ज्याच्या हातात आहे त्याला सांगतोय की तुझं चुकलं. लकॉकने नमुना शुद्ध केला, परत मोजलं, ५.९ आली. माझा मेल पण साधारण याच धर्तीवर होता, फक्त मला चार दिवस उत्तर नव्हतं.

दुसरी गोष्ट आरगॉनची, ती मला जास्त आवडते कारण तिथे फरक अर्ध्या टक्क्याचाच होता. लॉर्ड रॅले हा इंग्लिश शास्त्रज्ञ नायट्रोजनची घनता मोजत होता, हवेतून बाकीचं सगळं काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरायचा आणि अमोनियासारख्या रसायनांपासून बनवलेला १.२५०५. आपण असतो तर चालसे म्हणून पुढे गेलो असतो, तो गेला नाही. रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्याने छडा लावला आणि १८९४ मध्ये जाहीर केलं की हवेत एक अख्खा वायू लपलेला आहे, तो कशाशीच संयोग करत नाही म्हणून नाव आरगॉन, ग्रीकमध्ये आळशी. आणि लपलेला म्हणजे थोडाथोडका नाही, हवेत जवळजवळ ०.९३ टक्के, कार्बन डायॉक्साइडच्या वीसपट. एवढा सगळा आपण श्वासातून रोज आत घेतो आणि तो काहीही न करता बाहेर येतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार जळू नये म्हणून तोच भरलेला असायचा, वेल्डिंगवालेही वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून तोच सोडतात. आळशी माणसाचा असा उपयोग मला आधी सुचला नव्हता.

पण तरीही, रिकाम्या दिसणाऱ्या त्या तीन नळ्या हा या सेटचा सर्वांत कच्चा भाग. उच्च दाबाची वीज दिली तर निऑन लालभडक नारिंगी पेटतो, हेलियम पिवळसर, आरगॉन जांभळट. त्यासाठी लागणारा सप्लाय सेटमध्ये नाही आणि नळ्यांना तारा जोडायची सोयही नाही. मग काय, लेबल वाचून भक्तिभावाने मान डोलवायची. त्यात हेलियम इतका बारीक की काचेतूनसुद्धा फार हळूहळू निसटतो, त्यामुळे माझ्या नातवंडांच्या हातात ही नळी जाईल तेव्हा लेबल अधिक खरं असेल की नळी, कोण जाणे. हे तीन काढून टाका आणि त्या जागी इंडियम द्या अशी माझी सूचना आहे. इंडियम मऊ असतं, नखाने ओरखडा जातो, वाकवलं तर करकर आवाज करतं, आणि तुमच्या मोबाइलच्या टचस्क्रीनवरचा पारदर्शक थर त्याच्याच ऑक्साइडचा आहे. शिवाय शोधाची गोष्ट भारी: १८६३ मध्ये राइश या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजातून काहीतरी नवीन काढलं पण त्याला रंग नीट ओळखता यायचे नाहीत, म्हणून वर्णपट बघायला त्याने सहकारी रिक्टरला बसवलं आणि रिक्टरला नीळेच्या रंगाची रेषा दिसली, त्या नीळीवरूनच नाव.

गॅलियमकडे परत येते कारण तिथे आमच्याकडे अपघात झाला. वितळणबिंदू २९.७६ अंश, म्हणजे तळहातावर घेतलं की दोन-तीन मिनिटांत कडा मऊ पडतात आणि मग एकदम आरशासारखा थेंब. पाऱ्यासारखं दिसतं पण पाऱ्याची वाफ विषारी, याची ती भानगड नाही. हाताला राखाडी डाग पडतात, साबणाने जातात, कपड्यावरचे लवकर जात नाहीत. परत घट्ट व्हायला मात्र फार नखरे, थंड झालं तरी तासन्तास द्रवच राहतं, एखादा घट्ट कण आत टाकला की मग गोठतं. गोठताना फुगतं, म्हणून काचेच्या बाटलीत देत नाहीत, हे विक्रेत्याने बरोबर केलंय. तर झालं असं की भाचीने अॅल्युमिनियमचा ठोकळा चमकवायला पॉलिश पेपरने घासला, आणि घासलेल्या कोपऱ्याने तो एका डिशमध्ये ठेवला जिथे गॅलियमचा एक थेंब राहिला होता. दुसऱ्या दिवशी उचलला तर कोपरा भिजलेल्या खडूसारखा हातात आला. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचं अतिशय पातळ कातडं असतं, ते त्याला सांभाळतं, ते खरवडलं की गॅलियम धातूच्या कणाकणांमधल्या फटींतून आत शिरतं आणि सगळं सुटं करून टाकतं. म्हणूनच विमानातून गॅलियम न्यायला कडक नियम आहेत, विमान अॅल्युमिनियमचंच ना. ही चूक आमची, कंपनीची नाही, पण बॉक्समध्ये हे दोन शेजारी ठेवू नका एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती. तो तुटका ठोकळा आता २.४१ भरतो. भाची रडवेली झाली होती, मी म्हटलं अगं हा तुझा सगळ्यात चांगला नमुना आहे. एलईडी बल्बमध्ये, हल्लीच्या छोट्या फास्ट चार्जरमध्ये हेच गॅलियम नायट्रोजनशी जोडी करून बसलेलं असतं, तिथे मात्र अगदी गुणी बाळ.

बिस्मथसाठी एक प्रयोग सांगते, पुस्तिकेत नाहीये. ठोकळा दोऱ्याला टेपने चिकटवून लांब लटकवा, पूर्ण स्थिर होऊ द्या, पंखा बंद करा आणि ताकदवान चुंबक अगदी जवळ न्या. ठोकळा लांब सरकतो. चुंबकाची दोन्हीपैकी कुठलीही बाजू पुढे करा, तो लांबच जातो. आम्ही अर्धा तास हेच करत बसलो. दिसायला शिशाचा भाऊ, आणि खरंच १७५३ पर्यंत लोक त्याला शिशाचाच प्रकार समजायचे, पण शिसं विषारी आणि बिस्मथ पोटाच्या औषधात. आणि तो किंचित किरणोत्सारी निघाला, २००३ मध्ये कळलं, पण अर्धायुष्य, म्हणजे त्यातले अर्धे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, साधारण २ वर १९ शून्यं इतकी वर्षं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, तेव्हा बिनधास्त हातात घ्या.

शिसं मात्र बिनधास्त घेऊ नका. बोटांना काळपट डाग येतो, मुलांनी हाताळलं तर साबणाने हात धुणं मस्ट, तोंडाजवळ अजिबात नाही. निकेलची अॅलर्जी बऱ्याच जणांना असते, माझ्या बहिणीला बेल्टच्या बकलने पुरळ येतं, ती तो ठोकळा रुमालाने उचलते. आयोडीनची नळी उन्हात धरली की जांभळी वाफ भरते आणि थंड बाजूला परत काळे स्फटिक चिकटतात, बघायला सुंदर, पण सील तुटलं तर लगेच बाहेर.

आता ती पुस्तिका. कागद गुळगुळीत, फोटो छान आणि मजकूर बेजबाबदार. शिशाच्या पानावर उपयोगांमध्ये पेन्सिल! आपण शिसपेन्सिल म्हणतो म्हणून आत शिसं असतं का? ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, पूर्वी लोकांना ते शिशासारखं काहीतरी वाटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलं. शिशाची खरी जागा गाडीच्या बॅटरीत, तिथे आजही टनावारी लागतं, तिचा उल्लेखच नाही. जस्ताच्या पानावर शोध: जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ, १७४६, संपलं. राजस्थानात झावर इथे त्याच्या कित्येक शतकं आधी जस्ताचं ऊर्ध्वपातन करून धातू काढत होते, मातीच्या नळ्यांचे ढीगच्या ढीग तिथे सापडलेत. आणि हे काम सोपं नाही, जस्त खनिजातून सुटतं तेव्हाच वाफ होऊन उडून जातं, म्हणून ती वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती लागते. मार्गग्राफने काम चांगलंच केलं, पण एक ओळ इकडचीही टाका की. हेलियमच्या पानावर १८६८ सूर्यावर शोध एवढंच. अरे तो १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाचा किस्सा, जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आपल्या गुंटूरला दुर्बीण लावून बसलेला, वर्णपटात पिवळी रेषा, आधी सगळ्यांना वाटलं सोडियम, मग ऑक्टोबरमध्ये लॉकयर या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमधून बघून सांगितलं की जागा जुळत नाही, आणि पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ उजाडलं. हे सगळं सोडून अर्धं पान फुग्याचा फोटो.

टिकाऊपणा: तीन महिन्यांत लोखंडावर एका कडेला गंज आला, थोडं तेल चोपडून ठेवा. तांबं काळवंडलं, ते व्हायचंच. टायटॅनियम जसंच्या तसं, हाडात बसवतात ते उगाच नाही. फोमच्या खाचा सैल झाल्यात, बॉक्स आडवा केला की सगळे खुळखुळतात.

एकूण ठोकळ्यांना साडेचार, नळ्यांना दोन, पुस्तिकेला एक, तोही फोटोंसाठी. विक्रेत्याने तो भेसळीचा टंगस्टन परत मागितलाच नाही. भाचीने त्यावरचं कोरलेलं चिन्ह मार्करने खोडून तिथे १७.६२ लिहिलंय, आणि घरी कोणी आलं की आधी तो हातात देते, मग चुंबक, आणि विचारते, सांगा यात काय काय असेल.